आधी हाक मारा

डबा म्हणाल तर एवढासा:
मुलाच्या शाळेच्या डब्यातला, चटणीचा.
झाकणाला रबराची कड, आत वही, पेन्सिलीचा तुकडा
आणि एक प्लास्टिकचा बेडूक.
बेडूक का, ते विचारू नका, काहीतरी ठेवायचं असतं.
डबा लपवायचा, जागेचे आकडे सांगायचे,
मग कुणी अनोळखी उपग्रहाचं बोट धरून येतं,
शोधतं, वहीत नाव लिहितं
आणि डबा जिथल्या तिथे ठेवून जातं.
एवढाच खेळ.

त्यातला एक नियम मला खेळाहूनही आवडला:
ज्याची जमीन, त्याला आधी विचारा.

म्हणून विचारायला निघाले.
गोठिवलीच्या मागे, खाडीच्या अंगाला, एक चिंच आहे.
तिची जमीन कुणाची, हे चिंचेवर लिहिलेलं नाही.
बेलापूरला, सिडकोच्या तिसऱ्या मजल्यावर
दळवीसाहेबांनी अर्ज मागून पुढून पाहिला.
बांधकाम तात्पुरतं की कायमचं?
चटणीचा डबा आहे, म्हटलं.
क्षेत्रफळ?
मी तळहात उघडून दाखवला.
त्यांनी तो हात बघणाऱ्यासारखा निरखला
आणि भविष्य सांगितलं: खारफुटीवाल्यांकडे जा.
खारफुटीवाले म्हणाले, बाई, चिंच ही खारफुटी नव्हे.
ते मलाही माहीत होतं.
दोन महिने. रबाळ्याच्या कारखान्यातून चार अर्ध्या रजा.
शेवटी एक कागद, त्यावर जांभळा गोल शिक्का:
हरकत नाही.

कागद घेऊन गेले तर चिंचेखाली
चांगुणाबाई भोईर सुकट उलथत होत्या.
कावळ्यांना काठी, मला नुसती नजर.
मी कागद पुढे केला.
काय लिवलाय?
जमीनमालकाची हरकत नाही, असं.
कोन मालक?

मला शिक्क्याकडे बोट दाखवायचं होतं.
बोट निघेना.

सासूने लावलेली चिंच. बाजूला भाताची दोन खाचरं होती,
पलीकडे मिठागराचा बांध. आता पलीकडे बारा मजले.
साडेबारा टक्क्यांची फाईल कुठल्या कपाटात आहे
हे धाकट्या दिराला माहीत होतं, तो गेला.
हे सगळं त्यांनी सुकट उलथता उलथता सांगितलं,
माझ्याकडे न बघता.

मग मी कागद पर्समध्ये कोंबला
आणि पहिल्यापासून सुरुवात केली. डबा. वही. बेडूक.
त्यांनी बेडूक हातात घेऊन पाहिला.
लोकांना ह्यो डबा गावला, तं घेऊन जातान?
नाही. परत ठेवतात.
तिथंच?
तिथंच.
बराच वेळ काठी नुसती जमिनीवर.
फीत घेऊन आलते ना, त्यांना बी गावली आमची जमीन.
त्यांनी नाय ठेवली परत.

खाडीकडून वारा आला, सुकटीचा वास घेऊन.
मी उठायला लागले, तर म्हणाल्या, बस.
ढोलीत नको, ढोलीत पिंगळा हाय.
बांधाचा दगड हाय ना तो, त्याच्या पोटाखाली ठेव.
आनि कुनी बी येवू दे,
येतानी हाक मारायची. चोरासारखा नाय यायचा.

मी फोनवरून जागा वाचून दाखवली:
एकोणीस अंश, नऊ कला, उत्तर. पुढचे दशांशही.
त्या हसल्या. म्हणाल्या, एवरा लांब कशाला,
सर्वे नंबर एकशे चवदा, हिस्सा दोन.
वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिलं त्यांनी,
पेन्सील दोनदा जिभेला लावून, ११४/२,
आकडे ताठ, जसे शाळेत शिकवतात.

शोधणाऱ्यांसाठी एक सूचना द्यावी लागते.
मी दिली: आधी हाक मारा.

आजवर तिघांनी मारली. तिघांना डबा मिळाला,
एका पोराला तर ताकही.
चौथा कळवतो की तासभर शोधलं, दगड हलवला,
तिथे काहीच नाही, कृपया तपासा.
रविवारी गेले तपासायला.
डबा चांगुणाबाईंच्या फडताळात होता,
हळदीच्या बरणीमागे.